मावळातलं एक जुनं सर्टिफिकेट : गौतमीपुत्र सातकर्णी

आपल्यापैकी बहुतेकांनी कार्ल्याच्या पायऱ्या निदान एकदा तरी चढल्या असतील. फर्स्ट इयरला सीनिअर्स नेतात, पुढे घरचे भेटायला आले की एकवीरा आईच्या दर्शनाला आपण त्यांना नेतो. दर्शन झालं की शेजारचं चैत्यगृह बघायचं, सिंहस्तंभापुढे फोटो काढायचा आणि खाली उतरून भाजलेलं कणीस खायचं. मीही अडीच वर्षं हेच केलं. त्या चैत्याच्या दर्शनी भिंतीवर, जोडप्यांच्या शिल्पांच्या आसपास, ब्राह्मी अक्षरांच्या ओळी कोरलेल्या आहेत. त्यांच्याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

यंदा गेलं, पण त्याचं श्रेय इतिहासाच्या आवडीला नाही. ते आहे एका एररला!

झालं असं की मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी निक्स वापरून डेव्हलपमेंट शेल बनवलं. ज्या मित्रांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हे शेल म्हणजे एक बंद खोली समजा. तुमच्या लॅपटॉपवर आधीपासून काय भरलंय याच्याशी त्या खोलीला देणंघेणं नाही. यादीत लिहिलेली टूल्स तेवढी आत येतात. त्यात 'प्युअर' हा फ्लॅग दिला की बाहेरचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सही जवळजवळ सगळे पुसले जातात. फायदा हा, की चार लॅपटॉपवर प्रोग्राम अगदी सारखा चालतो. तोटा पहिल्याच रात्री कळला. आतून गिट चालेना, कर्ल चालेना, पिपही चालेना. सगळ्यांचं रडगाणं एकच, समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासता येत नाही.

हे तपासणं म्हणजे काय? सर्व्हर आपलं ओळखपत्र दाखवतो. त्यावर कुणाची तरी सही असते. त्या सही करणाऱ्याच्या ओळखपत्रावर आणखी वरच्याची सही. असं वर वर जात आपण एका मूळ संस्थेपाशी थांबतो, तिला रूट म्हणतात. आता रूटवर विश्वास का ठेवायचा? तर तिचं नाव आपल्याकडच्या यादीत आहे म्हणून. बस्स, त्याच्यापुढे काही नाही. ही यादी म्हणजे डिस्कवरची एक साधी फाइल. ती कुठे ठेवली आहे हे सांगायला 'एसएसएल सर्ट फाइल' नावाचं एक व्हेरिएबल असतं (शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर). आमच्या खोलीत ते व्हेरिएबल नुसतं पुसलं गेलं नव्हतं. त्यात मुद्दाम, अस्तित्वातच नसलेल्या फाइलचा पत्ता घातलेला होता आणि त्या फाइलचं नावही 'नो सर्ट फाइल'! म्हणजे पहारेकरी जागेवर उभा, पण त्याच्या हातात यादी नाही. मग तो आल्यागेल्या सगळ्यांनाच परत पाठवणार.

रात्रीचे दोन वाजले होते, सकाळी रिव्ह्यू होता. एका सीनिअरने सांगितलं, तपासणीच बंद करून टाका. आम्ही केली. खोटं कशाला बोलू? रिव्ह्यू पार पडला.

त्याच रविवारी आई-बाबा आले आणि मी त्यांच्याबरोबर कार्ल्याला गेले. बाबांनी सहज विचारलं की भिंतीवर हे काय लिहिलंय. मला सांगता येईना. हॉस्टेलवर परत आल्यावर त्या लेखांची भाषांतरं शोधून वाचली, आणि वाचता वाचता मी उठून बसले. कारण दीड-दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या याच मावळात एक रूट बदललं होतं, जुनं सर्टिफिकेट रद्द झालं होतं आणि त्याच गावासाठी नवीन काढावं लागलं होतं. ते काढणारा राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. मग त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. त्यातलं हे थोडं.

सातवाहन घराण्याचा हा सगळ्यात मोठा राजा. त्याचा नेमका काळ कोणता यावर अभ्यासकांचं एकमत नाही. जुन्या पुस्तकांत साधारण इ. स. १०६ ते १३० असं दिलेलं असतं, काही जण त्याला पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात नेतात. त्याच्या बालपणाबद्दल एक अक्षर मिळत नाही. जन्म कधी झाला, गुरू कोण होते, लग्न कुणाशी झालं, काहीच नाही. लॉग फाइल बघून प्रोग्राम कुठे अडकला ते शोधतात ना, तसं त्याचं चरित्र शिलालेख आणि नाण्यांवरून जुळवावं लागतं. एक मात्र पक्कं माहीत आहे, ते म्हणजे त्याच्या आईचं नाव. गौतमी बलश्री. या घराण्यातले राजे आपल्या नावाआधी आईच्या कुळाचं नाव लावत. याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी, म्हणजे राणी वासिष्ठी कुळातली. (आपल्या फॉर्मवर आईच्या नावाचा रकाना आला तेव्हा केवढी चर्चा झाली होती म्हणे!)

गौतमीपुत्र गादीवर आला तेव्हा घराण्याचे दिवस फिरलेले होते. एके काळी सातवाहनांची सत्ता पैठणपासून घाटमाथ्यापर्यंत होती. नाणेघाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा मोठा लेख आहे, त्यात त्यांनी केलेले यज्ञ आणि दक्षिणा यांची लांबलचक यादी आहे. पण पुढे उत्तरेकडून क्षहरात कुळातले शक क्षत्रप आले आणि त्यांनी हा सगळा पट्टा घेतला. त्यांच्यातला नहपान हा सगळ्यात प्रसिद्ध. जुन्नरला त्याच्या अमात्याचा, अयमाचा, लेख आहे, त्यात वर्ष ४६ आहे. नाशिकला त्याच्या जावयाचे लेख आहेत.

या पट्ट्याला इतकं महत्त्व का होतं? घाट! कल्याण बंदरात उतरलेला माल देशावर न्यायचा तर बोरघाट नाहीतर नाणेघाट चढावा लागे. ज्याच्या हातात घाट त्याच्या हातात जकात. कार्ला, भाजे, बेडसे ही लेणी अशा वाटांच्या काठाने आहेत ते काही उगाच नाही. कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यात धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीक वगैरे परदेशी लोकही आहेत. 'पेरिप्लस' नावाचं एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याचं पुस्तक आहे. त्यात असं आहे की कल्याणला ग्रीक जहाज चुकून आलंच तर ते पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. भडोच तेव्हा क्षत्रपांकडे होतं. थोडक्यात काय, बंदर आहे पण ब्लॉक केलेलं.

नहपानाच्या जावयाचं नाव उषवदात, संस्कृतात ऋषभदत्त. शत्रूपक्षाचा म्हणून त्याला व्हिलन करायला मी तयार झाले होते, पण त्याचे लेख वाचून तसं करवेना. तीन लाख गाई दान दिल्या, देवाब्राह्मणांना सोळा गावं दिली, वर्षाला लाखभर ब्राह्मणांना जेवू घातलं, नद्यांवर फुकट नावा चालवल्या. यातली आकडेवारी फुगवलेली असेलही. पण कार्ल्याच्या भिंतीवर त्याने एक साधी गोष्ट नोंदवली आहे. वलूरकच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने करजिक हे गाव दिलं. वलूरक म्हणजे आपलं कार्ला. कोणत्या पंथाचा, कुठून आला असा काही भेद न करता, जो पावसाळ्यात तिथे राहील त्या प्रत्येकासाठी. जून ते सप्टेंबरमधला इथला पाऊस आपण हॉस्टेलवर बघतोच. कपडे आठवडाभर वाळत नाहीत. त्या पावसात डोंगरावरच्या भिक्षूंना खाली भिक्षेला जाणं शक्यच नव्हतं. गावाचं उत्पन्न आलं तर चूल पेटणार. म्हणजे ती दोन ओळींची नोंद म्हणजे त्यांचं मेसचं कूपन होतं म्हणा ना.

आता या माणसाचा सासरा युद्धात हरला तर कूपनाचं काय होणार?

नहपान कसा हरला याची एक गोष्ट जैन ग्रंथांत, आवश्यकसूत्रावरच्या टीकेच्या परंपरेत येते. ती इतिहास म्हणून नाही, गोष्ट म्हणूनच वाचायची. भडोचचा राजा नहवाहन खजिन्याने बलाढ्य होता आणि पैठणचा सातवाहन राजा सैन्याने. सातवाहन दर वर्षी वेढा घालायचा आणि परत जायचा, कारण भडोचचा राजा शत्रूचं डोकं आणणाऱ्याला इतका पैसा द्यायचा की सातवाहनाचं सैन्यच घटायचं. शेवटी सातवाहनाने एक डाव टाकला. आपल्या एका मंत्र्याला अपमान करून हाकलून दिल्याचं नाटक केलं. तो मंत्री भडोचला गेला, हळूहळू तिथल्या राजाचा विश्वासू झाला आणि पुण्य मिळेल असं पटवून त्याने सगळा खजिना देवळं, तळी, दानधर्म यांत खर्च करायला लावला. पुढच्या वेढ्याला तिजोरी रिकामी होती. ही गोष्ट मी रूममेटला सांगितली तेव्हा तिची पहिली प्रतिक्रिया अशी होती, की म्हणजे त्या मंत्र्याचं सर्टिफिकेट कुणी तपासलंच नाही. भडोचच्या राजानेही बहुतेक रात्री दोन वाजता निर्णय घेतला असणार.

गोष्टीतून दगडाकडे येऊ. नाशिकच्या पांडवलेण्यांत, ३ नंबरच्या लेण्यात, गौतमीपुत्राची एक आज्ञा कोरलेली आहे. राज्याचं १८वं वर्ष, पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा, पहिला दिवस. ती राजवाड्यातून नाही, विजयी सैन्याच्या छावणीतून निघाली आहे. गोवर्धनच्या, म्हणजे नाशिक भागाच्या, विष्णुपालित नावाच्या अमात्याला त्याने कळवलं, की काखडी गावातलं २०० निवर्तनं शेत, जे आजपर्यंत ऋषभदत्ताच्या ताब्यात होतं, ते आता त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना द्यायचं. शत्रूचा जावई कालपरवापर्यंत तिथे होता हे त्यातल्या 'आजपर्यंत'वरून कळतं. चिखल, पाऊस, आसपास जखमी सैनिक, आणि हा राजा शेताचा कागद काढतोय! मला त्याच्या लढाईपेक्षा हे जास्त भारी वाटलं.

कागद कसा काढला तेही त्यात आहे. आज्ञा तोंडी दिली. शिवगुप्त नावाच्या अमात्याने ती लिहिली. महास्वामी म्हणून ज्यांचा उल्लेख आहे त्यांनी ती जपून ठेवली. तापस नावाच्या माणसाने पट्टिका तयार केली. शिवाय अमात्याला वेगळं सांगितलं, की हे आणि यासोबतच्या सवलती तिथल्या दप्तरात नोंदवून घे. कुणी दिलं, कुणाला दिलं, काय दिलं, कुठल्या दिवशी, आणि मधल्या प्रत्येक हाताचं नाव. ब्राउझरमध्ये कुलपाच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट उघडून बघा, याहून फार काही वेगळं दिसणार नाही.

आणि आता कार्ला. दर्शनी भिंतीवर ऋषभदत्ताच्या लेखाखेरीज आणखी एक आज्ञा आहे. ती मामाल इथल्या अधिकाऱ्याला उद्देशून आहे. मामाल म्हणजे मावळ! गाडीच्या पाट्यांवर, ग्रामपंचायतीच्या फलकांवर आपण रोज वाचतो तो शब्द इतका जुना आहे. आज्ञा अशी, की वलूरकच्या लेण्यांतल्या महासांघिक पंथाच्या भिक्षूंना करजक हे गाव दिलं आहे. करजक, म्हणजे तेच ऋषभदत्ताचं करजिक. नाणे मावळात आज करंजगाव आहे, नावं ताडून बघा. लेखातला राजाच्या नावाचा भाग झिजून गेला आहे, पण गाव तेच, सवलतींची भाषा नाशिकसारखीच, म्हणून बहुतेक अभ्यासक ही आज्ञा गौतमीपुत्राचीच मानतात.

गाव आधीपासूनच भिक्षूंचं होतं, मग पुन्हा द्यायची काय गरज? इथेच तर गंमत आहे. आधीच्या कागदावर ज्याची सही, त्याची सत्ताच उरली नाही. कागद खरा, दान खरं, पण मामालच्या नव्या अधिकाऱ्याच्या यादीत ते रूट नाही. उद्या गावातून धान्य आणायला भिक्षू गेले आणि पाटलाने कागद मागितला तर ऋषभदत्ताचं नाव दाखवून उपयोग काय? गौतमीपुत्राला ते गाव सहज खालसा करता आलं असतं, शत्रूने दिलेलं म्हणून. त्याने तसं केलं नाही, आपल्या नावाने पुन्हा दिलं. फक्त एक फरक झाला. ऋषभदत्ताने दिलं होतं ते कुठल्याही भिक्षूसाठी, नव्या आज्ञेत महासांघिकांचं नाव आलं. ज्यांचा पंथ वेगळा होता ते त्या पावसाळ्यात कुठे गेले असतील, हा प्रश्न मला अजून छळतो. सर्टिफिकेट नव्याने काढताना कुणाचं तरी नाव गळतंच.

सवलतींची यादी तर आमच्या शेलची कॉन्फिग फाइलच वाटते. त्या गावात राजाच्या माणसांनी शिरायचं नाही. कशाला हात लावायचा नाही. मिठासाठी जमीन खणायची नाही (मिठावर तेव्हा राजाचा हक्क असे). जिल्ह्याच्या बंदोबस्ताच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करायची नाही. म्हणजे बाहेरचं काहीही आत येणार नाही अशी बंद खोली. पण खोली इतकी बंद केल्यावर एक तरी धागा बाहेर लागतोच, नाहीतर आतल्यांचं खरं-खोटं ठरवणार कोण? म्हणून मामालच्या अधिकाऱ्याला कळवलेलं आणि भिंतीवर कोरलेलं. व्हेरिएबलमध्ये अख्खी यादी नसते, यादी कुठे आहे एवढा पत्ता असतो. कार्ल्याच्या भिंतीवरही तसंच, मूळ नोंद दप्तरात आणि भिंतीवर तिची खूण.

जमिनीचं त्याने असं केलं. नाण्यांचं मात्र वेगळं केलं. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. सगळी नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा, आणि ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अशा तीन लिप्यांत नाव-बिरुद. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा ठोकला आहे. एकीकडे कमानींचा डोंगर, ज्याला चैत्य म्हणतात, आणि दुसरीकडे उज्जैन चिन्ह. नाणी वितळवून नवी पाडली असती तर खर्च वाढला असता आणि बाजार तेवढे दिवस बंद पडला असता. म्हणून आहे त्याच नाण्यावर शिक्का. बऱ्याच नाण्यांवर खालून नहपानाचं नाक, कान अजून डोकावतात! उरलेल्या चारेक हजार नाण्यांवर शिक्काच नाही, तरी ती त्याच साठ्यात होती. म्हणजे साठवणाऱ्याला दोन्ही चालत होती.

हे वाचताना मला आमच्या शेलमधला दुसरा घोळ समजला, म्हणून थोडं विषयांतर. आमच्या नेटवर्कचा फिल्टर मध्ये बसतो आणि प्रत्येक साइटला स्वतःचं सर्टिफिकेट लावतो. म्हणून आम्ही व्हेरिएबलमध्ये फक्त त्या फिल्टरच्या रूटची फाइल दिली होती. हॉस्टेलमध्ये सगळं चालायचं, मोबाइलचा हॉटस्पॉट लावला की सगळं बंद! कारण 'एसएसएल सर्ट फाइल' जुन्या यादीत भर घालत नाही, जुनी यादी काढून नवीच ठेवते. करजक गावासारखं. 'नोड एक्स्ट्रा सीए सर्ट्स' हे व्हेरिएबल मात्र नोडच्या आधीच्या यादीत भर घालतं, जोगलटेंभीच्या नाण्यांसारखं. दोन्हींना सर्टिफिकेटचीच फाइल लागते, पण वागणं उलट. गिट, कर्ल आणि पायथनच्या रिक्वेस्ट्सची आपापली वेगळी व्हेरिएबल्स आहेत ती निराळीच. असो.

राजाकडे परत. २४वं वर्ष उजाडलं आणि नाशिकहून तक्रार आली. काखडीचं जे शेत दिलं होतं ते कुणी कसतच नव्हतं, कारण गावच ओस पडलं होतं. कागद शंभर टक्के बरोबर, पण भिक्षूंच्या पदरात काही नाही. आपल्याकडे किती योजना अशा असतात ते सांगायला नको. गौतमीपुत्राने ते मान्य केलं आणि बदली म्हणून शहराच्या हद्दीवरच्या सरकारी जमिनीतली १०० निवर्तनं दिली. आधीच्या निम्मीच, पण पिकणारी. ही आज्ञा आता श्यामक नावाच्या अमात्याला आहे. आधी त्याची खुशाली विचारण्याची रीत पाळली आहे, मग काम. आज्ञेचा मसुदा लोटा नावाच्या प्रतिहारीने, म्हणजे द्वारपालाचं काम करणाऱ्या बाईने, लिहिला. महाराष्ट्राच्या इतिहासात दप्तरी काम करणारी इतकी जुनी बाई नावानिशी भेटते याचं मला फार अप्रूप वाटलं. वॉचमन केबिनमधल्या आमच्या मावशींना हे सांगितलं तर त्या नुसत्या हसल्या.

पण या आज्ञेत एक गोष्ट खटकते. ती एकट्या राजाची नाही. राजा आणि राजमाता या दोघांच्या नावाने ती निघाली आहे, आणि राजमातेला तिथे जिचा मुलगा जिवंत आहे अशी, असं विशेषण आहे. मुलगा राज्य करत असताना हे मुद्दाम का लिहावं? काही अभ्यासकांचा तर्क असा, की तेव्हा गौतमीपुत्र आजारी असावा किंवा जखमी असावा आणि कारभार आईने हातात घेतला असावा. तर्कच आहे तो. पण २४व्या वर्षानंतरचा त्याचा लेख मिळत नाही. पुराणांच्या याद्यांत त्याला २१ वर्षं दिली आहेत, ती या लेखामुळे चूक ठरतात. यादी कितीही पवित्र असली तरी तारीख घातलेला दगड जास्त खरा.

त्याच्यानंतर मुलगा पुळुमावी गादीवर आला. पुळुमावीच्या १९व्या वर्षी बलश्रीने नाशिकला तेच ३ नंबरचं लेणं भद्रायणीय पंथाच्या भिक्षूंना दान दिलं आणि तिथे आपल्या गेलेल्या मुलाबद्दल एक लांब लेख कोरून घेतला. गौतमीपुत्राचं चरित्र म्हणून आपल्याकडे जे काही आहे ते मुख्यतः हेच. मुलाला जाऊन बरीच वर्षं झालेली, नातू राज्य करतोय, आणि आजी भिंतीसमोर उभी आहे.

त्या लेखाप्रमाणे त्याचं राज्य अश्मक, मूलक, विदर्भ, अपरान्त म्हणजे कोकण, सौराष्ट्र, अनूप, आकर-अवंती म्हणजे माळवा अशा देशांवर होतं. सह्याद्री, विंध्य, मलय, महेंद्र हे डोंगर त्याचे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं. शक, यवन, पह्लव यांचा त्याने पाडाव केला, क्षहरातांचा वंश मुळासकट उपटला आणि सातवाहन कुळाचं गेलेलं यश परत आणलं. करवसुली न्यायाने केली. अपराध केलेल्या शत्रूलाही मारणं त्याला आवडत नसे. प्रजेचं सुखदुःख त्याने आपलं मानलं. आईची सेवा कधी चुकवली नाही.

आता आई मुलाबद्दल लिहितेय म्हटल्यावर थोडं डिस्काउंट धरायलाच हवं. माझी आईसुद्धा शेजाऱ्यांना माझे मार्क सांगताना राउंड ऑफ करते. तीन समुद्रांचं पाणी हा मोठेपणाचा अलंकार आहे, दक्षिणेकडची सगळी टोकं त्याच्या राज्यात होती असा त्याचा अर्थ कुणी घेत नाही. शत्रूला मारणं आवडत नसे आणि वंश मुळासकट उपटला, ही दोन विधानं एकाच लेखात कशी बसतात तेही मला कळत नाही. त्याने चातुर्वर्ण्याची सरमिसळ थांबवली असंही अभिमानाने लिहिलं आहे. ते आज वाचताना बरं वाटत नाही, आणि भिक्षूंना गावं देणाऱ्याच्या लेखात तर अजूनच विचित्र वाटतं. पण करवसुली आणि प्रजा यांच्याबद्दलची वाक्यं मला खरी वाटतात. कारण काखडीचं ओस शेत बदलून देणारा राजा आपण दुसऱ्या लेखात पाहिलेला आहे. तो लेख आईने लिहिलेला नाही.

हे राज्य टिकलं का? पूर्ण नाही. क्षहरात संपले, पण दुसऱ्या कुळातले क्षत्रप आले. त्यांच्यातल्या रुद्रदामनचा जुनागढला इ. स. १५०च्या सुमाराचा लेख आहे. त्यात त्याने दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवल्याचं आणि जवळचं नातं म्हणून सोडून दिल्याचं म्हटलं आहे. बलश्रीच्या यादीतले बरेच देश रुद्रदामनच्या यादीत दिसतात. मावळ मात्र सातवाहनांकडे राहिलं. कार्ल्यालाच पुळुमावीच्या ७व्या वर्षीचा लेख आहे. त्यात सोमदेव नावाच्या महारठीने वलूरकच्या संघाला आणखी एक गाव दिलं. २४व्या वर्षी हरफरण नावाच्या गृहस्थाने नऊ खोल्यांचं सभागृह दिलं. नाव वाचून तो इराणी वंशाचा असावा असं म्हणतात. म्हणजे भिक्षूंची चूल चालू राहिली.

जाता जाता एक. आपण पंचांगात शालिवाहन शके लिहितो आणि पाडव्याला शालिवाहनाने मातीच्या सैन्यात प्राण फुंकून शकांना हरवल्याची गोष्ट सांगतो. ती गोष्ट बहुधा गौतमीपुत्राच्या विजयाच्या आठवणीतूनच आली असावी. पण इ. स. ७८ला सुरू होणारा हा शक वापरत होते ते क्षत्रप. सातवाहन राजे तर आपापल्या राज्याचं वर्ष लिहीत, १८, १९, २४, जसं वर पाहिलं. शालिवाहनाचं नाव त्या शकाला खूप शतकांनी चिकटलं. हरलेल्यांचं कॅलेंडर, त्यावर जिंकलेल्याचा शिक्का. पुन्हा जोगलटेंभी! २०१७ साली त्याच्यावर तेलुगू सिनेमा आला होता, तो आमच्या फ्लोअरवर सगळ्यांनी मिळून पाहिला. त्यात तलवारी भरपूर आहेत, विष्णुपालित आणि श्यामक कुठेच नाहीत.

आमच्या शेलचं शेवटी असं केलं. यादीत 'सीए-सर्ट' हे पॅकेज घातलं, त्याच्यासोबत रूटची मान्य यादी येते. तिच्या प्रतीच्या शेवटी फिल्टरचं रूट जोडून एकच फाइल केली. शेल उघडताना तिचा पत्ता 'एसएसएल सर्ट फाइल' आणि 'निक्स एसएसएल सर्ट फाइल' या दोन्हींत भरला. आता हॉस्टेलवर चालतं आणि हॉटस्पॉटवरही. त्यानंतर त्या रात्री बंद केलेली तपासणी पुन्हा चालू केली. मधल्या अकरा दिवसांत आम्ही कुणाच्याही नावाने आलेलं पॅकेज डोळे मिटून घेत होतो, गिटचा टोकनही तसाच पाठवत होतो. काही झालं नाही, पण टोकन बदलून टाकला. चौघांपैकी एकाच्या लॅपटॉपवर तपासणी अजून बंदच आहे. हा लेख छापून आला की पहिली प्रत त्याच्या रूमच्या दाराखालून सरकवणार आहे.